उधळलेल्या प्रोग्रॅमला कुंपण

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या फोनवरची पहिली दोन वाक्यं मला पाठ होती. "कॉम्प्युटर हँग झालाय" हे पहिलं आणि "मी काहीच केलेलं नाही" हे दुसरं. पंचवीस वर्षं कर्जत आणि खालापूर तालुक्यांत स्कूटरवर हिंडून कॉम्प्युटर दुरुस्त केले, पण "मी अमुक केलं म्हणून हे झालं" असं कबूल करणारं गिऱ्हाईक काही भेटलं नाही. त्यांना तरी कशाला हसू? दुरुस्त करणारी बाईसुद्धा सहसा कबूल करत नसे.

यंदा गुडघ्यांनी स्कूटरला साफ नकार दिला आणि मी भिसेगावातलं दुकान आवरलं. तेव्हा दिवाळी अंकवाल्यांचं बोलावणं आलं, की आता बसल्याबसल्या आठवणी लिहा. कॉम्प्युटर पहिल्यांदा कधी पाहिला, शिकले कुठं, पहिलं गिऱ्हाईक कोण, हे सगळं मी गाळणार आहे. ज्या एका कामामुळे मला दोन तालुके ओळखतात, तेवढंच सांगते. ते काम म्हणजे कॉम्प्युटरला गुदमरू न देणं.

हँग झालेला कॉम्प्युटर मेलेला नसतो, हे आधी समजून घ्या. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. काम होतं ओट्यावर, साठवण माळ्यावर. ओट्यावर गर्दी झाली की कॉम्प्युटर थोडं सामान माळ्यावर टाकतो आणि लागलं की उतरवून घेतो. इथवर ठीक. पण एखादा प्रोग्रॅम उधळला आणि डब्यामागून डबे मांडतच सुटला, तर सगळा वेळ शिडी चढण्या-उतरण्यातच जातो आणि फोडणी घालायला कुणी उरत नाही. तुम्ही माउस फिरवता, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. कॉम्प्युटरच्या डब्याचा लाल दिवा नुसता पेटलेला असतो. आत तो बिचारा शिडीवर धापा टाकत असतो आणि बाहेरून माणूस त्याला थोबाडीत मारत असतो.

थोबाडीत म्हणजे खरोखरच. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंग सांभाळणारे एक गृहस्थ होते. पाहुण्यांशी बोलताना जिभेवर साखर, पण कॉम्प्युटर अडला की त्याच्या डब्याला सणसणीत लगावत. त्यांची दुसरी खोड याहून वाईट. एखादं पान माउसच्या एका टिचकीत उघडलं नाही की ते पुन्हा टिचकी मारत, मग पुन्हा. एकदा मी मोजलं, तर बुकिंगचं एकच पान एक्केचाळीस वेळा उघडलेलं.

"अहो, एकदा सांगून ऐकत नाही म्हणून परत सांगितलं," ते म्हणाले.

"तुम्ही एक्केचाळीस वेळा सांगितलंत, त्यानं एक्केचाळीस वेळा ऐकलं," मी म्हणाले.

हे त्यांना पटलं. मारणं त्यांनी सोडलं, टिचक्या मात्र शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे लिनक्स असे. कॉम्प्युटर चालवणारी ही व्यवस्था फुकट मिळते, जुन्यापान्या मशीनवर चालते आणि व्हायरसचा ताप जवळजवळ नसतो, म्हणून मी ती घरोघर घातली. लिनक्सची एक सोय अशी, की ओट्यावर तसूभरही जागा उरली नाही तर ते स्वतःच एखाद्या प्रोग्रॅमला ठार करून जागा मोकळी करतं. फक्त त्याला जाग फार उशिरा येते. तोवर माणसाचा धीर सुटलेला असतो.

सुरुवातीला माझ्याकडेही एकच औषध होतं, बटण दाबून धरायचं आणि मशीन बंद करायचं. खालापूरला एका वकिलांकडे टायपिंग करणाऱ्या बाईंना मी फोनवर हेच सांगितलं. त्यांनी बटण दाबलं आणि सकाळपासून टाईप केलेला अर्ज गेला. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बसल्या. चार शब्द सुनावले असते तर मी विसरून गेले असते. ते "बरं" अजून टोचतं.

त्यानंतर मी नेटानं अभ्यासाला लागले. कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबल्या तर लिनक्सला तिथल्या तिथं हुकूम सोडता येतो, की सर्वांत जास्त जागा अडवून बसलेल्याला बाहेर काढ. बंद असलेली ही सोय मी प्रत्येक मशीनवर चालू केली आणि त्या तीन कळांवर माझ्या नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला. दोन तालुक्यांत कुठल्याही ऑफिसात असे ठिपके दिसले, तर समजा मी तिथं येऊन गेले आहे.

पुढची पायरी पहारेकऱ्याची. हा एक छोटासा प्रोग्रॅम. तो गुपचूप ओट्याकडे बघत बसतो आणि जागा संपत आली, पण अजून संपलेली नाही, अशा वेळी सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमला बाहेर काढतो. माणसाला काही करावंच लागत नाही. मी झपाटल्यासारखी जिथं तिथं पहारेकरी बसवत सुटले. माझे फोन निम्म्यावर आले. धंदा म्हणून हा शुद्ध वेडेपणाच, पण मी मिरवत होते. आता सांगते ती गोष्ट या मिरवण्याचीच.

कडावला रस्त्याच्या कडेला सुरेखाचं बॅनरचं दुकान आहे. सासर भातशेतीवालं, नवरा खालापूरकडे कारखान्यात पाळीनं कामाला जाणारा. सुरेखा लग्नाआधी कर्जतला एका छपाईच्या दुकानात काम करत होती, हात चांगला होता. घराच्या पुढच्या बाजूची रस्त्याला लागून असलेली खोली तिनं सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, मागितली. आबांनी दिली, पण एका वर्षाच्या बोलीवर. "शिमग्यापरेंत कर. नाय जमलं तर खोली भाड्यानं देऊ," असं त्यांचं म्हणणं. एक चिकनवाला खोली बघूनही गेला होता. मी तिला जुना कॉम्प्युटर आणून दिला, लिनक्स घातलं, ठिपके दिले, पहारेकरी बसवला.

वर्षभर तिच्याकडे वाढदिवसाचे किरकोळ बॅनर येत राहिले; जुळवायची ती, छापून यायचे कर्जतहून. मोठं काम असलं की लोक सवयीनं कर्जत गाठायचे. शिमगा महिन्यावर आला आणि तिला पहिलं मोठं काम मिळालं. भावकीतल्याच एका घरची हळद होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवाच्या तोंडाशी खोलीच्या भिंतीएवढा बॅनर लागतो. मधोमध नवरदेव आणि भोवती अख्खी भावकी, हयात आणि दिवंगत धरून. या बॅनरचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडत कुणी नाही. कुणाचा फोटो कुणापेक्षा लहान दिसता कामा नये. यापायी भरल्या पंक्तीतून माणसं उठून गेलेली मी पाहिली आहेत. हे काम नीट झालं असतं तर भावकीतली पुढची सगळी लग्नं सुरेखाकडे आली असती. बिघडलं असतं तर तेही भावकीतच झालं असतं, आणि मग खोली चिकनवाल्याला जायला शिमग्याचीही वाट बघावी लागली नसती.

हळद शुक्रवारी. बुधवारी सकाळी नऊला तिचा फोन आला.

"ताई, हँग नाय झालंय. पण माजं काम आपोआप बंद व्हतंय. चारदा झालं."

"बंद म्हणजे? मशीन बंद होतं?"

"नाय वो. मशीन चालू. बॅनर तेवढा गायब व्हतो. आता तर फाईलपण उघडत नाय."

स्कूटरला किल्ली लावण्याआधीच मला उमगलं होतं. मशीन चालू आणि फक्त मोठं काम गायब, हे दुसऱ्या कुणाचं कृत्य असणार? माझ्याच पहारेकऱ्याचं. कडावपर्यंतचा रस्ता मी मनातल्या मनात सबबी जुळवत काटला.

दुकानात सुरेखा खुर्चीत ताठ बसली होती, डोळे लाल. दाराशी बाकड्यावर आबा. ते रोज सकाळी तिथं बसत, काही बोलत नसत, पण लक्ष सगळं आत.

"मशीन दमलं म्हनं," आबा म्हणाले.

मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहारेकऱ्याची वही उघडली. तो कुणाला, कधी बाहेर काढलं ते लिहून ठेवतो. बॅनरच्या प्रोग्रॅमला त्यानं चार वेळा ठार केलं होतं. तीन वेळा काम चालू असताना. चौथ्यांदा सुरेखा फाईल सेव्ह करत असतानाच. फाईल अर्धीच लिहिली गेली आणि निकामी झाली. चार दिवसांची मेहनत गेली होती. संध्याकाळी सहापर्यंत कर्जतच्या छपाईवाल्याकडे फाईल पोचली नसती, तर त्याचं मशीन उद्या दुसऱ्या कामाला लागणार होतं.

"एवढा मोठा झालाच कसा गं तुझा बॅनर?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं आणि मी कपाळाला हात लावला. फोटो होते एकशे चाळीस. ते फोनवरून लहान होऊन येऊ नयेत म्हणून तिनं प्रत्येकाकडून मूळ फोटो, आहे तेवढ्या आकाराचा, मागवून घेतला होता. त्यातला एकही तिनं लहान केला नव्हता, कारण एकाचा केला आणि दुसऱ्याचा राहिला तर? बॅनरवर थाळीएवढ्या दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यामागे अख्ख्या भिंतीएवढा फोटो दडलेला होता. आणि असा बॅनर एक नव्हता, चार होते. नवरदेवाचे चार काका. रोज एकेक जण दुकानात डोकावून जाई आणि आपला फोटो कुठं आहे ते बघे. म्हणून सुरेखानं चार बॅनर केले होते, प्रत्येकात एकेक काका पहिला. जो येईल त्याला त्याचा दाखवायचा. चारी एकाच फाईलमध्ये, एकाच वेळी उघडे, कारण कोणता काका कधी येईल याचा नेम नाही.

"शेवटी छापणार कुठला होतीस?"

"त्येच ठरत नव्हतं ना," ती म्हणाली.

मी पुढं बघितलं. फोटो मागवायला उघडलेला ब्राउझर ओट्याचा मोठा भाग बळकावून बसला होता. शिवाय लिनक्सबरोबर येणारा, प्रत्येक नव्या फोटोची चिमुकली प्रत बनवून ठेवणारा एक प्रोग्रॅम उधळला होता. एका बिघडलेल्या फोटोवर तो अडकला होता आणि अडकल्याजागी फुगत चालला होता. खरा चोर तो. पण त्या क्षणी सर्वांत मोठा दिसत होता तो बॅनर, म्हणून पहारेकऱ्यानं त्याचाच गळा धरला. त्यानं मी शिकवलं तेच केलं. सुरेखाच्या पोटापाण्याचं काम कोणतं, ते शेवटपर्यंत वाचवायचं, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगायला दोन ओळी लागतात. वर्षापूर्वी पहारेकरी बसवताना मी तिला विचारलंच नव्हतं, की बाई, तू यावर नक्की काय करणार आहेस.

आबा दारातून बघत होते. त्यांच्यासमोर "चार-चार बॅनर उघडलेस कशाला?" असं सुरेखाला म्हणणं अगदी सोपं होतं. खोटंही नव्हतं. वाटेत जुळवलेल्या सबबींत ती पहिली होती. पण ती ओठावर आली आणि मला खालापूरच्या बाईंचं "बरं" ऐकू आलं.

"सुरेखा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "हा पहारेकरी मी अर्धवट शिकवून बसवला. तुझं काम त्यानं मारलं ते माझ्यामुळे. आज सहाच्या आत ते परत उभं करू, मी इथून हलत नाही."

आबा बाकड्यावरून उठून आत आले. "पंपवाला बगितला, टॅक्टरवाला बगितला," ते सावकाश म्हणाले. "मशीन बिगडलं की समदे मालकाचीच चूक काढतात. आपली चूक म्हननारी तुमी पयल्या." मग सुनेकडे वळून म्हणाले, "त्या चौघांचं मला सांगायचं व्हतंस गं. आजा-आजी वर घे. त्यांच्या खाली चौघांना एका वळीत लाव, वयानं. कोनी कुरकुरला तर माज्याकडं धाड."

चार दिवस जे ठरत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात ठरलं.

मग आम्ही भिडलो. सुरेखाला मी सांगितलं, की फोटो बारीक रंगीत ठिपक्यांचा बनतो आणि छापल्यावर तो जेवढा दिसायचा तेवढ्यापुरतेच ठिपके लागतात, बाकीचे नुसते ओटा अडवतात. सगळे एकाच मापात कापले तर कुणीच कुणापेक्षा लहान होत नाही. आणि एकशे चाळीस फोटो एकेक करून कापायची गरज नसते. मी एका ओळीचा हुकूम लिहिला. तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि चहा कपांत ओतेपर्यंत सगळे फोटो एका मापाचे होऊन तयार होते. तो चहा मला फार गोड लागला, हे लपवत नाही.

ती नव्यानं बॅनर जुळवायला बसली. मधल्या चहाला ती उठली तेवढ्यात मी कुंपणं घातली. ब्राउझरला ओट्याचा चौथा भाग, त्यापलीकडे पाऊल टाकलं तर बाहेर फक्त तोच जाणार. चिमुकल्या प्रती करणारा कायमचा बंद, कारण सुरेखाला त्याचा उपयोग नव्हता. बॅनरचा प्रोग्रॅम पहारेकऱ्याच्या यादीत सगळ्यात शेवटी. आणि जागा कमी होऊ लागली की आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत पाटी येणार, "सुरेखा, आधी सेव्ह कर."

दुपारी तीनला बॅनर जुळला. तिनं सेव्ह केला, पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी म्हणाले, "थांब, आता मी हे मशीन मुद्दाम उधळवणार आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेडच लागलंय. पण कुंपण घातलं आणि त्यावर बैल सोडून बघितला नाही, तर ते कुंपण नव्हे. फाईल उघडीच ठेवून मी एक छोटा प्रोग्रॅम सोडला. त्याला एकच काम येतं, जागा खात सुटायचं. आबा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे. मी पडद्याच्या कोपऱ्यात जागेचा आकडा लावून ठेवला होता, तो भराभर उतरू लागला. पाटी आली. सुरेखाचा हात आपोआप कळांकडे गेला आणि तिनं सेव्ह केलं. आकडा आणखी उतरला आणि मग एकदम वर आला.

"काय झालं? मेलं का?" आबांनी विचारलं.

"उधळलेला तेवढा मेला," मी म्हणाले. "तुमच्या सुनेचं काम बघा, उभं आहे."

सुरेखानं माउस हलवला. बाण लोण्यासारखा फिरला. तिनं नवरदेवाचा फोटो उगाचच थोडा डावीकडे सरकवला आणि परत जागेवर आणला. पंचवीस वर्षांत मला गिऱ्हाइकांनी भेटवस्तू दिल्या, दिवाळीचे डबे दिले, पण बाणाच्या त्या फिरण्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही. मी लिनक्स बनवलं नाही, पहारेकरीही माझा नव्हे, दोन्ही जगातल्या कुणा भल्या माणसांनी लिहून फुकट वाटलेले आहेत. पण कडावच्या त्या एका मशीनवर, त्या एका बाईच्या कामाभोवती कुंपण मी घातलं होतं, आणि ते टिकलं.

स्कूटरवर मागं सुरेखाला घेऊन साडेचारला आम्ही कर्जतच्या छपाईवाल्याकडे पोचलो.

परत आल्यावर मी जुनी डायरी काढली आणि पहारेकरी बसवलेल्या एकेका ठिकाणी फोन लावला. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "तुमचं कोणतं काम शेवटपर्यंत वाचलं पाहिजे?" लोक गोंधळले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सगळी मशीनं नीट करायला मला पावसाळा उजाडला, आणि त्या फेऱ्यांतच गुडघे गेले. त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या चुकीनं आणखी कुणाचं काम गेलं असेल आणि त्यांनी ते मुकाट्यानं पुन्हा केलं असेल, याची रुखरुख मात्र आहे.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी हळदीला गेले होते. बॅनर मांडवाच्या तोंडाशी लागला होता आणि त्याच्याखाली ही गर्दी. जो तो आधी स्वतःला शोधत होता, मग शेजाऱ्याला, आणि आकार ताडून पाहून समाधानानं आत जात होता. चारी काका एका ओळीत, वयानं. कुणी कुरकुरलं नाही, की आबांसमोर कुरकुरायची हिंमत झाली नाही, ते मला ठाऊक नाही.

आबा मात्र आत जाईनात. ते बॅनरच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकले आणि खालच्या कोपऱ्यात काही वाचू लागले. तिथं बोटभर अक्षरांत सुरेखानं लिहिलं होतं, "रचना: सुरेखा, कडाव." वर्षभरात तिनं आपलं नाव कशावरही घातलं नव्हतं. दुकानावर तर पाटीच नव्हती, कारण खोली राहणार की जाणार हेच ठरलेलं नव्हतं. सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला.

आबांनी वळून तिला हाक मारली.

"समद्यांचे फोटू एवडे एवडे," ते म्हणाले, "आन तुजंच नाव एवडं बारीक कशाला गं? दुकानावर लावशील ते लांबून दिसूदे."